वाघ्याचा गुडघा कायमचा फिक्स करू का?

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमचा वाघ्या कारवानी कुत्रा आहे, पाच वर्षांचा, वजन 26 किलो. गेल्या मार्गशीर्षात अक्कलकोट रोडला एमआयडीसीजवळ टेम्पोनं उडवलं. मागचा उजवा गुडघा गेला. मांडीचं हाड सांध्यातच फुटलं आणि आतले लिगामेंट तुटले. एका ठिकाणी ऑपरेशन करून पिना घातल्या. दोन महिन्यांनी त्या सरकल्या, पू झाला, परत ऑपरेशन करून काढल्या. आता गुडघा लिंबाच्या गाठीसारखा टणक सुजलाय, हात लावू देत नाही, पाय नुसता बोटांनी टेकवतो. गोळी दिली की दोन दिवस बरा, परत तेच. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गुडघा काही वाचत नाही. एक तर प्लेट टाकून सांधा कायमचा फिक्स करायचा, नाही तर पाय काढायचा. आई म्हणते, कशाला त्या मुक्या जनावराला परत परत फाडायलाव? मुलगी म्हणते, पाय काढू देणार नाही. माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, खर्चाचं बघून घेईन. पण फिक्स केल्यावर तो आधीसारखा पळेल का? प्लेट नंतर काढावी लागते का? आणि मुलीनं विचारायला सांगितलंय, तो पाय वर करून शू करू शकेल का?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, आधीसारखा पळणार नाही. कारवानी म्हटलं की सशामागे सुटलेला बाण डोळ्यासमोर येतो, आणि तुम्हीही तेच मनात धरून बसला असाल. ते आता सोडा. ऑपरेशन उत्तम झालं तरी वाघ्या आयुष्यभर लंगडणार. पण आज तो दुखतंय म्हणून लंगडतो, तेव्हा गुडघा वाकत नाही म्हणून लंगडेल. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसेल, वाघ्याला मात्र त्यातला फरक कळेल.

या ऑपरेशनला आर्थ्रोडेसिस म्हणतात. त्यात गुडघा दुरुस्त होत नाही, गुडघा संपवतात. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा पूर्ण खरवडून काढायची, उरल्यासुरल्या लिगामेंट आणि गाद्या काढायच्या, दोन्ही टोकं सपाट कापून एकमेकांना चपखल बसतील अशी करायची. मग खांद्याच्या किंवा कमरेच्या हाडातला स्पंजासारखा मऊ गर काढून त्या फटीत भरायचा, म्हणजे हाड लवकर धरतं. आणि पुढच्या बाजूनं एक लांब, वाकवलेली प्लेट, वरच्या हाडात चार तरी स्क्रू, खालच्या हाडात तेवढेच. प्लेट पुढूनच का? कुत्रा पायावर भार देतो तेव्हा गुडघा मुडपायला बघतो आणि पुढची बाजू फाकायला लागते. जिथं फाकतं तिथंच धरून ठेवायचं. काही महिन्यांनी दोन हाडांचं एक हाड होतं. हालचालच उरली नाही की हाडावर हाड घासणंही उरत नाही, आणि दुखणं जातं ते त्यामुळे.

यात सगळा जीव असतो तो कोनात. माणसाचा गुडघा फिक्स करायची वेळ आली तर जवळजवळ सरळ ठेवतात. कुत्रा मुळात गुडघे मुडपून उभा राहतो. त्याच्यासाठी साधारण 135 ते 140 अंश धरतात, मांजरासाठी आणखी कमी, 120 ते 125. पण पुस्तकातला आकडा हा अंदाज. खरा आकडा तुमच्या वाघ्याच्या डाव्या पायात आहे. त्याला सपाट जागी नीट उभा करा, बाजूनं मोबाइलवर फोटो काढा, मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक त्या फोटोवर ठेवा आणि मांडीची रेघ व नडगीची रेघ यांच्यात किती अंश येतात ते बघा. मी स्वतः माझ्या मुलाचा कोनमापक दवाखान्यात नेऊन असं मोजलेलं आहे, घरी येऊन बोलणी खाल्ली. हाडांचे काप गेल्यानं पाय थोडा आखूड होतो, म्हणून सर्जन कोन किंचित उघडा ठेवतात. फार उघडा ठेवला तर पाय लांब पडतो आणि प्रत्येक पावलाला बाहेरून फिरवून आणावा लागतो. फार मिटलेला ठेवला तर जमिनीला पोचतच नाही, मग ऑपरेशन करूनही कुत्रा तीन पायांवरच. तुम्ही सर्जनला भेटाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: कोन किती धरणार आणि कशावरून ठरवणार? जो माणूस तुमच्या कुत्र्याचा दुसरा पाय न बघता उत्तर देईल, त्याच्याकडे मी तरी माझं कुत्रं देणार नाही.

आता तुमच्या पत्रातला जो शब्द तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, तिथं मी अडले: पू.

पिना काढल्या, जखम वरून भरली, याचा अर्थ आतलं इन्फेक्शन गेलं असा होत नाही. आत जंतू असताना नवी प्लेट टाकली तर ते त्या धातूवर थर धरून बसतात, आणि मग कितीही अँटिबायोटिक ओता, थरापर्यंत पोचत नाही. स्क्रू ढिले होतात, हाड धरत नाही, आणि तुम्ही परत तिथंच येता. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी सांध्यातलं पाणी किंवा आतला टिश्यू काढून कल्चर, म्हणजे त्यातले जंतू उगवून बघायची तपासणी, करायला सांगा. वरच्या छिद्रातून वाहणारा स्राव चालत नाही, त्यात कातडीवरचे जंतू येतात. नमुना देण्याआधी अँटिबायोटिक किती दिवस बंद ठेवायचं हे डॉक्टर सांगतील, ते पाळा. चालू गोळ्यांवर कल्चर केलं की रिपोर्ट खोटाच निर्धास्त करतो. काही उगवलं तर कोणत्या औषधाला ते मरतं हेही रिपोर्टमध्ये येतं, आणि त्या औषधाचा कोर्स चार ते सहा आठवड्यांचा तरी असतो. आठ दिवसांत सूज उतरली म्हणून गोळ्या बंद करणारे पालक मी पैशाला पासरी बघितलेत.

दुसरी तपासणी खुबा, घोटा आणि नस यांची. गुडघा बंद झाला की त्याच्या वाटणीचं काम वरचा खुबा आणि खालचा घोटा यांना करावं लागतं. त्यांतला एकही आधीच बिघडलेला असेल तर फिक्स करण्यात अर्थ नाही. टेम्पोच्या धक्क्यात कमरेला काय झालं होतं का, त्याचा एक्स-रे काढलाय का, तुम्ही लिहिलं नाही. नसेल काढला तर काढा. नसेचा अंदाज घरीही येतो: वाघ्या उभा असताना पोटाखाली हात देऊन त्याला थोडा तोला, दुखऱ्या पायाचा पंजा उलटा दुमडून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवा आणि सोडा. गुडघ्याला धक्का लागू देऊ नका. चांगला कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. तो तसाच उलटा राहिला तर डॉक्टरांना आधी हे सांगा, गुडघ्याचं नंतर बघू.

इथं बाकीच्या वाचकांसाठी एक वाक्य. तुमचा लॅब्रॅडॉर बागेत पळता पळता अचानक मागच्या पायानं लंगडायला लागला असेल, तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. ते बहुतेक वेळा आतलं एक लिगामेंट फाटलेलं असतं, आणि त्यावर नडगीच्या हाडाचा उतार फिरवून बसवण्याचं टीपीएलओसारखं ऑपरेशन करून गुडघा चालता ठेवता येतो. फिक्स करणं ही सगळ्यात शेवटची पायरी. इथून मागे फिरता येत नाही, आणि हे फसलं तर पुढे पाय काढणं एवढंच उरतं. कृत्रिम गुडघा कुत्र्यांतही बसवतात, पण पू झालेल्या सांध्यात त्याचा विचार करू नका.

आता खरी गोष्ट, जी सर्जनच्या टेबलावर होत नाही, तुमच्या घरी होते. ऑपरेशन दोन-तीन तासांचं. हाड धरायला 8 ते 12 आठवडे, तुमच्यासारख्या जुन्या केसमध्ये कधी त्याहून जास्त. तेवढे दिवस वाघ्या एका छोट्या खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात. उडी नाही, जिना नाही, गच्ची नाही, दारात बेल वाजली की धावणं नाही. फक्त शी-शूसाठी पट्ट्यानं बाहेर, पाच मिनिटं, परत आत.

तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. मलाही वाटायचं. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक डॉबरमन होता, असाच गुडघा फिक्स केलेला. ऑपरेशन बाहेरगावी, नंतरची देखरेख माझी. पाचव्या आठवड्यात इतका छान पाय टेकायला लागला की मालकानं विचारलं, मॅडम, आता हॉलमध्ये मोकळा सोडू का? आणि मी, एक्स-रे न काढता, म्हटलं सोडा. ती चूक माझी. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे, दिवस होते, होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं, यांचं घर पार्क चौकाच्या बाजूला. पहिल्या आवाजाला कुत्रा सोफ्यावरून खिडकीकडे झेपावला. प्लेट जागच्या जागी, सांधाही शाबूत, पण प्लेट जिथं संपते त्याच्या बरोब्बर खाली नडगीचं हाड मोडलं. ती जागा अशीच असते: वरचा भाग धातूनं कडक, खालचा नुसता हाडाचा, आणि वाकायला मधे गुडघा उरलेला नसतो, त्यामुळे सगळा हिसका तिथं येतो. परत टेबल, परत तीन महिने. त्या मालकांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही, हे अजून जास्त लागतं.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं, संक्रांत आणि गड्डा होऊ द्या. दिवाळी आत्ताच संपली आहे. मधले आठवडे कल्चर, अँटिबायोटिक आणि वजन यांत जातीलच. जानेवारीच्या शेवटी ऑपरेशन झालं तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बारा आठवडे भरतात. सोलापूरचा उन्हाळा तोवर अंगावर आलेला असेल, पण मे महिन्यात पिंजऱ्यात धापा टाकणाऱ्या कुत्र्यापेक्षा हे बरं. खोली उत्तरेकडची निवडा, कूलर लावा, पत्र्याखालची खोली अजिबात नको. सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी एक्स-रे. त्यासाठी दर वेळी पुण्याला जायला पाहिजे असं नाही. समोरून आणि बाजूनं असे दोन डिजिटल एक्स-रे इथं काढून सर्जनला मोबाइलवर पाठवा. पण तो 'सोडा' म्हणेपर्यंत सोडू नका. माझ्यासारखीनं सांगितलं तरी सोडू नका.

घरातली फरशी शहाबादी असणार, अशोक चौकातली बहुतेक घरं तशीच. पॉलिश झालेल्या शहाबादीवर चांगल्या पायांचा कुत्रा घसरतो. खोलीभर गोणपाट अंथरा, कडा चिकटपट्टीनं चिकटवा. उचलायला पट्टा विकत घ्यायची गरज नाही, तुमच्याकडे टॉवेलचा कारखाना आहे! एक लांब, जाड टर्किश टॉवेल घ्या, पोटाखालून मागच्या पायांच्या लगत घाला, दोन्ही टोकं पाठीवर एकत्र धरा आणि कुत्र्याबरोबर चाला. वजन तुम्ही उचलायचं नसतं, तो घसरला तर सावरायचं एवढंच. नर आहे, तेव्हा टॉवेल फार पुढे गेला की शूची जागा झाकली जाते आणि तो अडून बसतो. दोन बोटं मागे सरकवा. असे सहा-सात टॉवेल वेगळे काढून ठेवा, रोज धुवावे लागतील.

वजनाचं आत्तापासून बघा. 26 किलो कारवानीला वाईट नाही, पण वर्षभर तो पळाला नाही, म्हणजे त्यातलं स्नायूचं किती आणि चरबीचं किती? दोन्ही मांड्यांना शिंप्याची टेप लावा, उजवी बारीक भरेल. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसायलाच हव्यात. आईंना सांगा, दुधात कुस्करलेली भाकरी पाऊणपट करा. आणि शेंगाचटणी लावलेला तुकडा बंद, त्यात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.

गोळीबद्दल. कोणती गोळी देता ते तुम्ही लिहिलं नाही, आणि 'दोन दिवस बरा' वाचून मला धाकधूक झाली. मेडिकलमधून आणलेली माणसाची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असेल तर आजच बंद करा. त्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडन्या जातात, आणि काळी शी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कुत्र्यासाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम अशी औषधं आहेत, वजनावर डोस ठरतो, लांबवर द्यायची तर आधी रक्त तपासतात. स्टिरॉइडबरोबर ती कधीच द्यायची नाहीत.

आता पाय काढण्याचं. तुमच्या मुलीला राग येईल, तरी तिला हे वाचून दाखवा. कुत्र्याचं साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. मागचा एक पाय नसलेला सडपातळ कुत्रा दोन-तीन आठवड्यांत चालायला, महिन्या-दोन महिन्यांत पळायला लागतो. सरळ रेषेत तर फिक्स केलेल्या पायाच्या कुत्र्यापेक्षा कधी कधी जास्त वेगानं. पाय मांडीत वरूनच काढतात, थोटूक ठेवत नाहीत, कारण ते आपटत राहतं. माणसाला आरशात बघून जे वाटतं ते कुत्र्याला वाटत नाही. उलट बाजू एवढीच की पुढे डावा मागचा पाय बिघडला तर हाती काही उरत नाही.

तर माझं मत. कल्चर स्वच्छ आलं, खुबा-घोटा-नस ठीक असली, आणि बारा आठवडे त्याच्यामागे कोण बसणार याचं उत्तर तुमच्या घरात नावानिशी मिळालं, तर फिक्स करा. चांगला कोन मिळाला तर चार पायांवर उभं राहणं, म्हातारपणी दुसऱ्या पायाला आधार असणं, हे मोलाचं आहे. कोर्स करूनही पू राहिला, किंवा कारखाना आणि घर एकच असल्यानं दिवसभर दार उघडं-बंद होत राहणार असेल, तर पाय काढा आणि त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. आई म्हणतात ते चुकीचं नाही: परत परत फाडू नये. आता जे कराल ते शेवटचं ठरेल असंच करा.

कुठं करायचं? पुण्याच्या डॉक्टरांनी अशी किती ऑपरेशनं केलीत ते संकोच न करता विचारा. शिरवळच्या आणि मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत फोन करून हाडांचे सर्जन कोणत्या वारी भेटतात, हे करतात का, हे विचारून दुसरं मत घेता येईल. शिरवळला पंढरपूर-फलटण-लोणंदवरून पुणे न गाठता जाता येतं. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, त्यात प्लेट-स्क्रू, भूल, नंतरचे एक्स-रे आणि परत उघडावं लागलं तर काय, हे सगळं वेगवेगळं मांडून. येताना गाडीच करा, मागची सीट पाडून गादी टाकून. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा कूपे किंवा ब्रेक व्हॅनमधली पेटी, आणि ताजं ऑपरेशन झालेल्या जनावराला पेटीत घालू नये.

प्लेट काढावी लागत नाही, त्रास दिला तरच. स्क्रू ढिला झाला, थंडीत त्या जागी सारखं चाटायला लागला, पू आला, तर. नाही तर जन्मभर आत.

हाड धरल्यावर तो कसा दिसेल हेही ऐकून ठेवा, म्हणजे दचकणार नाही. चालताना उजवा पाय थोडा बाहेरून अर्धवर्तुळ काढत येईल. दगडावर, उंबऱ्यावर पंजा घासेल, मधल्या दोन बोटांची नखं झिजतील. आठवड्याला एकदा बघा, रक्त दिसलं तर बाहेर जाताना मोजा घाला. बसताना तो पाय बाजूला टाकून बसेल, हवालदाराच्या काठीसारखा. जोरात निघाला की बऱ्याचदा तो पाय वर धरून तीन पायांवर उड्या मारत जाईल. ते दुखण्यामुळे आहे असं समजून धावत दवाखान्यात येऊ नका. स्कूटरच्या पायरीवर उभा राहून फिरत असेल तर ते मात्र संपलं, तिथं तो पाय मावणार नाही.

आणि मुलीचा प्रश्न. पाय वर करणं हे खुब्याचं काम, गुडघ्याचं नाही, त्यामुळे उजवा पाय तो उचलेल. डावा उचलायचा तर सगळा भार फिक्स केलेल्या पायावर येतो, तेही हाड पक्कं झाल्यावर जमतं, पण बहुतेक तो आपल्या सोयीची बाजू शोधेल आणि खांबाच्या नेहमीच्या बाजूऐवजी दुसऱ्या बाजूनं येईल. पहिले तीन महिने मात्र तो कुत्रीसारखा खाली वाकूनच करणार. तिला सांगा, हसायचं नाही.